लेख दिसतो, पण सापडत नाही

प्रश्न : आमचे छोटे मंडळ गेली अकरा वर्षे बोलीभाषा आणि स्थानिक इतिहास यांना वाहिलेले एक सहामाही संशोधनपत्र चालवते. आम्ही लेखकाकडून पैसे घेत नाही आणि वाचकाकडूनही घेत नाही. अंक पीडीएफ करून संकेतस्थळावर ठेवतो. असे असूनही लेखाचे शीर्षक जसेच्या तसे टाकून शोधले तरी तो लेख येत नाही. एका कार्यशाळेत डीओआय, जॅट्स, मेटाडेटा असे पुष्कळ शब्द कानावर पडले. हे सगळे या वयात शिकायचे तर सुरुवात कुठून करावी?
— एक निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई

उत्तर : आपण पत्रासोबत पाठवलेल्या अंकाची पीडीएफ मी उघडली आणि त्यातल्या ‘शेतकऱ्यांच्या घरातील ओव्या’ या लेखाचे शीर्षक उचलून कोऱ्या पानावर चिकटवले. पानावर देवनागरीचे एकही अक्षर उमटले नाही. रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि अनोळखी चिन्हे यांची एक ओळ तेवढी उतरली. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या ओळीत आहे. आपला अंक जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये जुळवला जातो, आणि अशा फाँटमध्ये संगणकाच्या दृष्टीने आत रोमन अक्षरांचेच संकेत असतात, वर फक्त देवनागरीचा आकार चढवलेला असतो. डोळ्यांना लेख मराठी दिसतो, शोधयंत्राला मात्र तो कोणत्याच भाषेतला वाटत नाही. त्यामुळे शिकायचे पहिले मानक युनिकोड हे आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तेव्हापासून देवनागरीच्या वर्णांना त्यात स्वतःचे संकेत आहेत.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक मिळतात, पण त्यांच्यावर विसंबून राहू नये. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप केलेला असतो; युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. ही अदलाबदल करताना परिवर्तक नेमका जोडाक्षरांत अडखळतो. म्हणून मुद्रितशोधन पुन्हा करावे लागते, आणि ते मराठी जाणणाऱ्या माणसानेच करावे लागते. आपण अकरा वर्षे मुद्रिते तपासली आहेत. या विद्येतला अवघड भाग आपल्याला आधीच येतो, त्यामुळे वयाची शंका आपण मनातून काढून टाकावी असे मी आग्रहाने सांगेन.

एक बारकावा मात्र जवळून पाहण्यासारखा आहे. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात नुक्ता म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त आणि मग य येतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त, डोळ्यांना न दिसणारा एक जोडचिन्हाचा संकेत आणि मग य येतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला तर तो सापडेलच याची खात्री देता येत नाही. मी स्वतः पहिला प्रकार वापरतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ थेट उमटवता येतो. आपल्या मंडळाने एक प्रकार ठरवावा, तो अक्षरजुळणी करणाऱ्याला लिहून द्यावा आणि अकराही वर्षांच्या अंकांना लावावा. मानक म्हणतात ते याहून फार वेगळे नसते: एकदा ठरवायचे, लिहून ठेवायचे आणि सर्वांनी पाळायचे.

यानंतरची पायरी म्हणजे लेखाला स्वतःचे पान देणे. आपण संपूर्ण अंक एकाच पीडीएफमध्ये ठेवता, त्यामुळे जगाच्या दृष्टीने आपल्याकडे अकरा वर्षांत बावीस वस्तू प्रकाशित झाल्या. लेख एकही नाही. प्रत्येक लेखाचा वेगळा पत्ता असावा आणि त्या पत्त्यावर शीर्षक, लेखकाचे नाव, संस्था, सारांश, कळीचे शब्द, भाषा, दिनांक आणि परवाना ही माहिती ठराविक रकान्यांत भरलेली असावी. हाच मेटाडेटा. त्याचा सर्वांत साधा साचा डब्लिन कोअर या नावाने ओळखला जातो. १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून तो पुढे आला आणि त्यात एकूण १५ घटक आहेत. ग्रंथालयात तालिका-कार्ड भरलेल्या माणसाला तो एका दुपारी समजतो. भाषेच्या रकान्यात मराठीसाठी ठरलेला दोन अक्षरी संकेत न विसरता भरावा, नाहीतर यंत्र आपला लेख हिंदी समजण्याची शक्यता असते. शीर्षक आणि सारांश मराठीबरोबर इंग्रजीतही द्यावेत, पण मराठी शीर्षकाच्या जागी इंग्रजी शीर्षक कधीही टाकू नये.

नावांच्या बाबतीत मराठवाड्याचाच दाखला देतो. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, पुढे शहराचेही नाव बदलले, आणि रोमन लिपीत या सगळ्याची स्पेलिंगे जो तो आपल्या मनाने करत आला. एकाच विभागातल्या एकाच अध्यापकाचे तीस वर्षांतले लेख त्यामुळे तीन-चार वेगवेगळ्या संस्थांच्या नावांवर विखुरलेले दिसतात. संस्थेला कायमचा क्रमांक देणारी ‘रॉर’ ही नोंदवही २०१९ पासून आहे. नाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो. व्यक्तीसाठी तेच काम २०१२ पासून सोळा आकडी ऑर्किड क्रमांक करतो. लग्नानंतर नाव बदललेल्या आमच्या कितीतरी लेखिकांचे आधीचे संशोधन त्यांच्या नावावर धरले जात नाही, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून ऑर्किडला मी केवळ तांत्रिक सोय मानत नाही.

डीओआय आधी घ्यावा असा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो क्रम चुकीचा वाटतो. डीओआय हा लेखाचा कायमचा क्रमांक असला तरी त्याच्या मागचा पत्ता अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी प्रकाशकाची असते. मी ज्या पत्रिकेचे काम पाहत होतो तिच्या संकेतस्थळाच्या नावाचे वार्षिक नूतनीकरण एका वर्षी राहून गेले, कारण स्मरणपत्र काम सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या ईमेलवर जात होते. नाव दुसऱ्याने घेतले आणि आमच्या सर्व लेखांचे दुवे एका रात्रीत अनोळखी पानावर जाऊ लागले. क्रमांक होते, लेख नव्हते. घर पक्के होण्याआधी दारावर पाटी लावल्याचा तो परिणाम होता. संकेतस्थळाचे नाव मंडळाच्या नावावर आणि मंडळाच्याच ईमेलवर आहे ना, हे आपण आज तपासावे. लेखांच्या डीओआयची नोंदणी करणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेचे सदस्यत्व सशुल्क आहे. ते झेपत नसेल तर युरोपातील सर्न संस्था २०१३ पासून चालवत असलेल्या झेनोडो या भांडारात लेख ठेवला की डीओआय विनामूल्य मिळतो. डीओआयच्या उत्तरार्धात, म्हणजे तिरप्या रेषेनंतरच्या भागात, मात्र देवनागरी अक्षरे घालू नयेत; साधे आकडे आणि रोमन अक्षरे एवढेच ठेवावे.

जॅट्स तूर्त बाजूला ठेवले तरी चालेल. लेखातले शीर्षक, परिच्छेद, तक्ते आणि संदर्भ यांना यंत्राला कळतील अशा खुणा करण्याची ती पद्धत आहे, २०१२ पासून ती निसो या माहितीविषयक मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचे अधिकृत मानक आहे, आणि तिचा उपयोग मोठा आहे. परंतु ज्याचा मजकूर अजून युनिकोडमध्ये नाही त्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्या प्राचार्यांनी महाविद्यालयाचे संशोधनपत्र ऑनलाइन करण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. संगणकाचे माझे ज्ञान बेताचे आहे. शुल्क न भरता हे कुठे शिकता येईल?
— एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : आपल्याला ओपन जर्नल सिस्टिम्स ही संशोधनपत्र ऑनलाइन चालवण्याची संगणक प्रणाली शिकावी लागेल. जॉन विलिन्स्की यांनी १९९८ मध्ये कॅनडात सुरू केलेल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टने ती तयार केली असून ती विनामूल्य आहे. त्याच प्रकल्पाचे ऑनलाइन अभ्यासक्रमही विनामूल्य आहेत. प्रणाली फुकट असली तरी सर्व्हर, सुरक्षेची अद्ययावतता आणि रोजची निगा यांना पैसा आणि माणूस लागतो, हे प्राचार्यांना आधीच लेखी कळवावे.

शिकण्याची पद्धत मी माझ्या अनुभवावरून सांगतो. एकदम खऱ्या संकेतस्थळाला हात लावू नये. आपल्याच संगणकावर ही प्रणाली बसवावी आणि महाविद्यालयाच्या जुन्या नियतकालिकाचा एक छापील अंक घेऊन त्यातला एकच लेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत न्यावा: लेखक म्हणून पाठवावा, संपादक म्हणून परीक्षकाकडे द्यावा, दुरुस्त करावा, प्रकाशित करावा. ही चारही कामे स्वतः केल्यावर प्रणालीतला प्रत्येक रकाना कशासाठी आहे ते कळते. त्यानंतर डीओएजे या मुक्त प्रवेश नियतकालिकांच्या निर्देशिकेचा अर्ज छापून समोर ठेवावा. २००३ मध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठात सुरू झालेल्या या निर्देशिकेत नोंदणीला शुल्क नाही, पण अर्जातला प्रत्येक प्रश्न हा एक पाठ आहे: परीक्षण कसे होते, हक्क कोणाकडे राहतात, शुल्क आहे की नाही, लेख दीर्घकाळ कुठे जतन होतात. वर्षाला किमान पाच संशोधनलेख हवेत ही अटही तिथेच कळते. याहून चांगला अभ्यासक्रम मला ठाऊक नाही.

जतनाच्या प्रश्नाला बहुतेक जण ‘आमच्याकडे पेनड्राइव्हवर आहे’ असे उत्तर देतात. ते पुरेसे नाही. ओपन जर्नल सिस्टिम्स वापरणाऱ्या आणि आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, असलेल्या पत्रिकांसाठी त्याच प्रकल्पाचे एक विनामूल्य जतन-जाळे आहे. पुष्कळ ठिकाणी पुष्कळ प्रती ठेवल्या म्हणजे वस्तू टिकते, या लॉक्स पद्धतीच्या तत्त्वावर ते चालते. ते सुरू करण्याची सोय प्रणालीतच आहे.

प्रश्न : एका मध्यस्थाने आयएसएसएन, डीओआय आणि इम्पॅक्ट फॅक्टर असे सगळे मिळून एका रकमेत देऊ केले आहे. घ्यावे का?
— एक संशोधक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : घेऊ नये. भारतात आयएसएसएन नवी दिल्लीतील सीएसआयआर-निस्पर ही संस्था विनामूल्य देते. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळा क्रमांक लागतो. खोटा क्रमांक घरबसल्या पकडता येतो. ‘करंट सायन्स’चा ००११-३८९१ हा क्रमांक घ्या. पहिल्या सात आकड्यांना डावीकडून ८, ७, ६ असे करत २ पर्यंत गुणून बेरीज करा. ती ६५ येते. ६५ ला ११ ने भागल्यावर बाकी १० उरते, ती ११ मधून वजा केली की १, आणि शेवटचा आकडा १ च आहे. हिशेब जुळला तरी क्रमांक त्याच पत्रिकेचा आहे का, हे आयएसएसएनच्या अधिकृत पोर्टलवर पाहावेच. हा क्रमांक गुणवत्तेची मोहोर नव्हे. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे पत्रिकेतल्या लेखांचे संदर्भ इतरांनी सरासरी किती वेळा दिले याचा आकडा, तर मध्यस्थाला देताच येत नाही. तो क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मान्यताप्राप्त पत्रिकांची केअर यादी बंद केल्यापासून पत्रिकेची पारख करण्याचा भार संस्थांवर आणि आपल्यासारख्या अभ्यासकांवर अधिक आला आहे.

प्रश्न : मी जात्यावरच्या ओव्या गोळा करून त्यांवर लेख लिहिला. संपादक म्हणतात, तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली द्या. उद्या कोणी तो गाइडमध्ये छापला तर?
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : आपली भीती रास्त आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे लेख इतरांना कोणत्या अटींवर वापरता येईल हे आधीच सांगणारे तयार परवाने. केवळ श्रेयनिर्देशाची अट असलेल्या परवान्यात व्यापारी वापरालाही मुभा असते. गाइडवाला आपले नाव आणि परवाना देऊन लेख छापू शकतो. व्यापारी वापर नाकारणारा परवानाही आहे आणि डीओएजे तोही मान्य करते. मी स्वतः पहिला परवाना निवडतो, कारण गाइडच्या भीतीने दार लावले तर अनुवाद करणारी छोटी प्रकाशनसंस्थाही बाहेर राहते. एकदा दिलेला परवाना परत घेता येत नाही, म्हणून विचार आधीच करावा. लेखाचे हक्क मात्र आपल्याकडेच ठेवा आणि संपादकांकडून तसे लेखी घ्या.

ओव्यांची गोष्ट वेगळी आहे. आपण लेखाचा परवाना देऊ शकता; ज्या बायांनी त्या म्हटल्या त्यांच्या वतीने देऊ शकत नाही. त्यांच्याकडे पुन्हा जावे, लेख कुठे आणि कसा दिसेल ते समजावून सांगावे आणि नाव घालायचे की नाही हे त्यांनाच विचारावे. होकार दिलेल्यांची नावे तळटीपेत न दडपता मेटाडेटामधील योगदानकर्त्यांच्या रकान्यात, गावाच्या नावासह, त्या स्वतः सांगतील त्याच रूपात भरावीत.