बांधावरचं भांडण, हाडातली भेग आणि ‘एन.सी.’चा कागद

प्रश्न : कर्नाटकातल्या (बेळगाव जिल्हा) खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. बांधावरून चुलत दिराशी वाद झाला. त्याने कुदळीचा दांडा यजमानांच्या डाव्या हातावर मारला, शिव्या दिल्या, ‘पुन्हा बांधावर दिसलास तर सोडणार नाही’ म्हणाला. यजमानांनीही त्याला ढकललं होतं. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवलं. तिथे ‘मारहाण, सूज’ अशी नोंद झाली, एक्स-रे काढला नाही. पोलिसांनी ‘ही एन.सी. (नॉन-कॉग्निझेबल, म्हणजे अदखलपात्र) आहे, कोर्टात जा’ म्हणून कन्नडमधलं हिंबरह, म्हणजे लेखी उत्तर, दिलं. चार दिवसांनी खासगी दवाखान्यात एक्स-रे काढला तर करंगळीच्या मुळाशी हाडाला भेग निघाली. पण तिथे सासूबाईंनी घाबरून ‘पडला’ असं सांगितलं आणि केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. आज अकरावा दिवस. दीर म्हणतो, ‘नुसती भेग आहे, मोडलंय कुठे?’ हा गुन्हा किरकोळ की मोठा?

उत्तर : ताई, पोलिसांनी पहिल्या दिवशी जे लिहिलं ते त्या दिवशीच्या कागदांवरून चुकीचं नव्हतं. पण एक्स-रे आला आणि गुन्ह्याची जातच बदलली. हे पोलिसांना लेखी कळवेपर्यंत त्यांच्या वहीत तुमचं प्रकरण एन.सी.च राहणार.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साधी दुखापत म्हणजे कलम ११५(२), लोकांच्या तोंडी अजूनही असलेलं जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३२३. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र आहे. म्हणजे गुन्हा घडला नाही असं नव्हे. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिवीगाळ (कलम ३५२) आणि साधी धमकी (३५१(२)) हेही त्याच रांगेतले. कुठला गुन्हा दखलपात्र, कुठला जामीनपात्र हे फौजदाराच्या मर्जीवर नसतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेला (तपास आणि खटल्याच्या कार्यपद्धतीचा कायदा) जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत कलमागणिक छापलेलं असतं.

आता हाड. कलम ११६ मध्ये ‘गंभीर दुखापत’ कशाला म्हणायचं याची यादी आहे. हाड किंवा दात मोडणं, निखळणं त्यात थेट येतं. मोठं हाड की करंगळीचं, असा भेद कायदा करत नाही. आणि हाडाला भेग गेली तरी ते फ्रॅक्चरच, आरपार दोन तुकडे व्हायला हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच स्पष्ट केलंय. तेव्हा दिराच्या ‘नुसत्या भेगे’ला कायद्यात आधार नाही. त्याच यादीत आणखी एक दार आहे : दुखापतीमुळे पंधरा दिवस रोजची कामं करता आली नाहीत तर तीही गंभीर. जुन्या कायद्यात हे वीस दिवस होते. म्हणून प्लास्टर किंवा पट्टी सुटेपर्यंतचा प्रत्येक चिठ्ठीचा कागद जपा.

अशी दुखापत जाणूनबुजून केली की कलम ११७(२) लागतं. सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हा गुन्हा दखलपात्र आहे, पोलिसांना एफ.आय.आर. घ्यावाच लागतो. प्रकरणात एक जरी दखलपात्र कलम असलं तरी बाकीची अदखलपात्र कलमंही त्याच तपासात येतात (सुरक्षा संहिता, १७४(४)). शिवी आणि धमकीसाठी वेगळं कोर्टात पळायला नको. कुणी ‘आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करतो’ म्हणालं तर नम्रपणे सांगा की ती सोय तीन वर्षं ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. हा पूर्ण सात वर्षांचा आहे.

तुमच्या केसमधली खरी अडचण ‘पडला’ हा शब्द. मारहाणीच्या कितीतरी केसेस इथेच ढासळतात. घरची माणसं पोलिसांच्या लफड्याला भिऊन दवाखान्यात असं सांगतात आणि पुढे उलटतपासणीत तोच कागद समोर येतो. तुमचं नशीब की पहिल्या दिवशीच्या सरकारी नोंदीत ‘मारहाण’ आहे. त्या नोंदीचा एम.एल.सी. (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांशी संबंधित दवाखान्याची नोंद) नंबर काढून घ्या. खासगी केसपेपर लपवू नका, त्यात खाडाखोड तर अजिबात करू नका. तक्रारीत सरळ लिहा की सासूबाईंनी भीतीपोटी तसं सांगितलं आणि त्या स्वतः तसा जबाब देतील. यजमानांनी ढकललं तेही आधी ढकललं की मार बसल्यावर, जसं घडलं तसंच लिहा. समोरून उलट तक्रार आली तर लपवलेली गोष्टच अंगावर येते.

एक्स-रेची मूळ प्लेट हातात घेऊन उजेडात धरा. तिच्यावर नाव, तारीख आणि डावा हात ही खूण आहे का पाहा. प्लेटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं असं आपल्याकडे हटकून होतं. फरक असेल तर डॉक्टरांकडून आत्ताच लेखी खुलासा घ्या. मग प्लेट आणि रिपोर्ट जोडून ठाण्यात पुरवणी तक्रार द्या आणि सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र पाठवून जखमेचा सुधारित दाखला मागवावा, अशी विनंती त्यातच करा. ‘साधी’चं ‘गंभीर’ त्या दाखल्यावर व्हायला हवं.

अर्ज मराठीत दिलात तरी चालतो. गाऱ्हाणं मांडण्यासाठी राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत अर्ज करायचा हक्क संविधानाच्या कलम ३५० ने दिलाय. तरी माझा सल्ला, सोबत कन्नड भाषांतर जोडा, म्हणजे ठाण्यात लिहिणाऱ्याच्या हातून तुमचा शब्द बदलत नाही. तोंडी सांगितलंत तर लिहिलेलं वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. समजेल अशा भाषेत ऐकल्याशिवाय सही करू नका. प्रत फुकट मिळते.

तक्रारीची सुरुवात मारापासून करा, आजोबांच्या वाटणीपासून नको. बांध कुणाचा हे हद्दबस्त मोजणीत आणि दिवाणी कोर्टात ठरेल. ‘गळ्यातली माळ ओढली’ असं न घडलेलं काही घालायचा सल्ला गावात हमखास मिळतो. खोटा आरोप हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि खऱ्या फ्रॅक्चरवरचा विश्वासही तो घालवतो.

दीर चंदगडकडे राहतो म्हणून तिकडच्या ठाण्यात जाऊ का, असं तुम्ही विचारलंय. चंदगड महाराष्ट्रात, तिथे मराठीत बोलता येईल, झिरो एफ.आय.आर.ही (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा) होईल, पण घटना खानापूर हद्दीतली असल्याने कागद फिरून इकडेच येणार. दिवस वाया जातील.

ठाण्याने तक्रार घेतली नाही तर तीच बेळगावला जिल्हा पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोच जपा. तरीही हालचाल नाही तर त्या पोचेसह प्रतिज्ञापत्र जोडून खानापूरच्या मॅजिस्ट्रेटकडे सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली अर्ज. दुखापत साधीच ठरली तर मात्र कोर्टाने दखल घ्यायची मुदत ११५(२) साठी एक वर्षाची असते.

एक आधीच सांगून ठेवतो. ११७(२) जामीनपात्र आहे. दिराला बहुधा नोटीस देऊन बोलावतील, अटक झालीच तर जामीन हक्काने मिळेल. तो दुसऱ्या दिवशी बांधावर दिसला म्हणून केस मिटली असं समजू नका. आणि गावकीत बाँडपेपरवर तडजोड झाली तरी साध्या दुखापतीसारखी ही केस आपापसात मिटत नाही, त्याला कोर्टाची परवानगी लागते. तोवर अशा कुठल्याही कागदावर यजमानांची सही होऊ देऊ नका.