गिनीपिग गप्प बसलाय, काय झालंय कळत नाही? आधी हे करा

आजाराचं नाव शोधत बसू नका, ते डॉक्टरांचं काम. तुम्ही एवढंच बघा: खातोय का, आणि लेंड्या पडतायत का. बारा तास तोंडाला काही लागलं नसेल तर उद्याची वाट बघू नका. याचं आतडं थांबलं की जनावर झपाट्यानं खचतं. कुत्र्या-मांजरासारखं ‘एक दिवस उपास, बरं वाटेल’ इथे चालत नाही.

किचनच्या काट्यावर रोज सकाळी वजन करा आणि लिहून ठेवा. माझी मादी अगदी ठणठणीत दिसत होती, शिट्ट्याही मारायची. वहीत मात्र चार दिवसांत 940 वरून 870 ग्रॅम! ही जात दुखणं लपवण्यात पटाईत.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- घरातलं अँटिबायोटिक देणं. अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर जीव जाऊ शकतो.
- पाठीवर झोपवून भरवणं. ठसका लागून अन्न फुफ्फुसात जातं. मांडीवर सरळ बसवा, पेलेट (त्याचं गोळ्यांचं कोरडं खाद्य) भिजवून पातळ लगदा करा, बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं थोडा थोडा द्या, चावू द्या.
- क जीवनसत्त्व विसरणं. ते त्याच्या अंगात तयार होत नाही. रोज ढोबळी मिरचीचा तुकडा हवाच.

डॉक्टरांना फोनवरच विचारा, ‘ससे, गिनीपिग बघता का?’ जाताना लेंड्या डबीत न्या. जोडीदार असेल तर तोही सोबत असू द्या, एकटा पडला की अजून घाबरतो. औषधांच्या मात्रा वगैरे नंतर बोलू, आज भरवा आणि गाडी काढा.