आमेन म्हणवत नाही, तेव्हा काय करायचं?

मागच्या आठवड्यात इथे परदेशात राहणाऱ्या एका ताईंचा मेसेज आला, रात्री दोन वाजता टाईप केलेला, कुठे फुलस्टॉप नाही की काही नाही. वडील गेले, तिकीट मिळेपर्यंत दफन झालं, सगळा अंत्यविधी फोनवर बघितला आणि नेमकं पाळकांनी पुनरुत्थानाचं वचन वाचायला घेतलं तेव्हाच स्क्रीन अडकली, पाळकांचं तोंड उघडं आणि आवाज बंद. 'तेव्हापासून माझ्या आतही तसंच झालंय,' असं त्या लिहितात. रविवारी चर्चला जातात, मुलांना संडे स्कूलला सोडतात, गाणीही म्हणतात, पण आमेन म्हणताना आपण नाटक करतोय असं वाटतं. त्यात पंधरा वर्षांच्या मुलाने गाडीत विचारलं, आई, तुझा खरंच विश्वास आहे का अजून? सिग्नल हिरवा झाला म्हणून ह्या गप्प बसल्या. नंतर माहेरी जाऊन आल्या तेव्हा वडिलांचं बायबल बरोबर आणलंय, त्यात पेन्सिलच्या खुणा आहेत, पण ते अजून उघडवत नाही.

ताई, तुमच्या मंडळीतल्या कुणी तरी 'विश्वास कमी पडतोय, जास्त प्रार्थना करा' असं सांगितलं म्हणालात ना, ते वाचून माझं डोकंच फिरलं. पाय मोडलेल्याला जास्त पळ म्हणण्यातला प्रकार आहे हा. सांगणाऱ्याचं मन वाईट नसेल, पण ते वाक्य तुम्ही आधी डोक्यातून काढून टाका.

येशूचा शिष्य थोमा, त्या बिचाऱ्याला आपण उगाच बदनाम करून ठेवलंय. पुनरुत्थानानंतर, म्हणजे मेलेल्यातून उठल्यावर, येशू पहिल्यांदा शिष्यांना भेटला तेव्हा हा तिथे नव्हता, आणि मग खिळ्यांच्या खुणा बघितल्याशिवाय मी मानणार नाही म्हणाला, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्याच्या पुढची ओळ मात्र आपण भरकन वाचून जातो. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. म्हणजे विचार करा, बाकीचे दहा जण आम्ही प्रभूला पाहिलं म्हणून सांगतायत, आणि हा त्यांच्यातच बसलाय, अजिबात न पटलेला, पण त्याला कुणी हाकलून दिलं नाही आणि तोही उठून गेला नाही. येशू आला तो त्याच खोलीत, आणि 'तुम्हाला शांती असो' म्हणून थोमापुढे हात केले. माझा सगळा सल्ला तुम्ही विचाराल तर एवढाच आहे की खोली सोडू नका. पटलंय असं दाखवायचीही गरज नाही, थोमाने कुठे दाखवलं? तुमचे आठ दिवस कदाचित आठ महिने चालतील, त्याला कुणाचा इलाज नाही.

आणि हे फक्त बायबलच्या काळातलं नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला, म्हणजे त्याही परक्या देशात, परक्या भाषेत उपासना करत होत्या, आणि तिथल्या मठातल्या सिस्टर्सशी त्यांनी त्रैक्यापासून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही शिकवण) चर्चच्या अधिकारापर्यंत पत्रांतून किती वाद घातलेत! कुणी सांगतंय म्हणून मान्य करणार नाही, हे त्यांचं ठाम. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता मिळाला. मग त्याच बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. मदर तेरेसांचं तर जगाला 2007 साली पत्रं छापून आली तेव्हा कळलं, कित्येक वर्षं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं, आणि काम मात्र चालू. आता तुम्ही म्हणाल ती मोठी माणसं, आपलं काय. पण सकाळी उठून मुलांचे डबे भरून चर्चला जाणं हे ज्या अवस्थेत तुम्ही करताय ना, ते काही कमी नाहीये.

प्रार्थनेचं म्हणाल तर, स्वतःचे शब्द येत नसतील तर आणू नका ओढूनताणून. उसने घ्या. बायबलमधल्या 150 स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा रडण्याचा नि तक्रारीचा आहे, 'हे परमेश्वरा, किती वेळ?' असं सरळ तोंडावर विचारलंय. 88 वं स्तोत्र तर शेवटपर्यंत उजेडात येतच नाही, अंधारावरच संपतं, तरी ते शास्त्रात ठेवलंय. ते मोठ्याने वाचा, आणि मराठीत वाचा. इथे सगळी उपासना इंग्लिशमध्ये असते, ती कानावरून जाते, पण येशूने शिकवलेली प्रार्थना, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', म्हटली की घशात काही तरी हलतं, हा माझा अनुभव आहे. आणि बघा, त्यात 'माझ्या' नाहीये, 'आमच्या' आहे. ज्या दिवशी तुम्हाला म्हणवणार नाही त्या दिवशी शेजारच्या बाकावरची म्हातारी तुमच्या वाटचंही म्हणतेय असं समजा. मी स्वतः एका वर्षी अकरा महिने रात्री फक्त 'बघ बाबा तूच' एवढंच म्हणायचे आणि झोपायचे, त्याला प्रार्थना म्हणायचं की नाही देव जाणे.

झोपेवरून आठवलं, रात्री दोनला जागं राहणं हे रोजचं आहे का? तसं असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरांकडे जा, त्यात विश्वासाला कमीपणा नाही. बायबलमधला एलिया संदेष्टा मरण मागत झाडाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला आधी खायला दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं. देवाचा आवाज त्यानंतर आला, तोही हळूच. आणि हो, एक तरी माणूस असा शोधा ज्याच्याशी हे सगळं खरं बोलता येईल, संपूर्ण ग्रुपला सांगत बसू नका.

आता मुलाचं. त्याला खरं सांगा. पंधरा वर्षांच्या पोराला आई खोटं बोलतेय हे लगेच कळतं, आणि मग त्याला स्वतःला शंका आली की तो घरात बोलणार नाही, मोबाईलमध्ये शोधेल. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप आहे, पोरगा आजारी, शिष्यांकडून काही झालेलं नाही, आणि तो एकाच दमात म्हणतो की माझा विश्वास आहे आणि माझा अविश्वासही तूच घालव. येशूने त्याला आधी विश्वास पक्का करून ये म्हटलं नाही, मुलगा तिथेच बरा केला. तर मुलाला सांगा की आजोबा गेल्यापासून मला प्रार्थना जमत नाहीये, मी देवावर रागावलेय, पण मी अजून त्याच्याशीच भांडतेय. मग तो काय म्हणतो ते ऐका, मधे सल्ला घालू नका (मला स्वतःला हे अजून जमत नाही, तुम्ही बघा).

आणि जमलं तर ते बायबल त्याच्याकडेच द्या उघडायला, तुम्ही नुसतं शेजारी बसा. 88 व्या स्तोत्राशी वडिलांची पेन्सिल फिरलीये का, ते मला नक्की कळवा.