थाई अंक हा फॉन्टचा प्रकार की स्वतंत्र अक्षर?

प्रश्न असा आलाय की थायलंडच्या सरकारी कागदांवर जे अंक दिसतात त्यांना 'थाई फॉन्टमधले अंक' म्हटलं तर चालेल का, कारण पाच म्हणजे शेवटी पाचच, लिपी बदलली की फक्त त्याचं रूप बदलतं.

गप्पांमध्ये चालून जाईल, पण डिजिटल मजकुराबद्दल बोलत असाल तर नको, कारण फॉन्ट बदलून थाई पाच काही इंग्रजी पाच होत नाही. फॉन्ट फक्त आकार ठरवतो. आत साठवलेला असतो तो कोड, आणि थाई अंकांना त्यांचे स्वतःचे कोड आहेत. युनिकोडमध्ये (जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारं मानक), दशमान पद्धतीत सांगायचं तर, इंग्रजी अंक ४८ ते ५७, आपले मराठी २४०६ ते २४१५ आणि थाई ३६६४ ते ३६७३. शेजारच्या लाओ लिपीचे अंक थाईसारखेच दिसतात तरी त्यांचा शून्य ३७९२ वर आहे, आणि कंबोडियाच्या ख्मेर लिपीचा तर पार ६११२ वर. थाई शून्य आपल्या ० सारखाच गोल असतो, पण मजकुरात नुसता कोड जुळवून शोधायला गेलात तर एकाच्या जागी दुसरा सापडणार नाही.

हे युनिकोडनेच सुरू केलं असंही नाही. थायलंडने १९८६ मध्ये (त्यांच्या बौद्ध सनाप्रमाणे २५२९) टिस-६२० नावाचं स्वतःचं मानक काढलं, त्यात एका अक्षराला एकच बाइट, आणि अंक होते २४० ते २४९ वर. युनिकोडने तो सगळा क्रम जसाच्या तसा उचलला, त्यामुळे जुन्या कोडात ३४२४ मिळवले की नवा कोड तयार, वेगळा तक्ता लागत नाही. मला हे फार आवडतं. फरक एवढाच की यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडचे कोड बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, एका थाई अंकाला तीन बाइट लागतात, शून्याचे २२४, १८५, १४४, आणि मराठी अंकालाही तीनच.

आता तुमच्या म्हणण्यातला बरोबर भाग. युनिकोड प्रत्येक अक्षराबरोबर काही गुणधर्मही नोंदवून ठेवतं आणि थाई पाचाच्या नोंदीत 'दशमान अंक, किंमत ५' असं स्पष्ट असतं, म्हणजे अक्षर वेगळं पण किंमत तीच. पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा ही नोंद वापरते, तिच्या मजकुराची संख्या करणाऱ्या इंट फंक्शनला थाई अंकांत किंवा मराठी अंकांत लिहिलेली संख्या दिली तरी ते बरोबर वाचतं. वेबपानांमागची जावास्क्रिप्ट भाषा वाचत नाही, तिथे अंक ओळखणारा पॅटर्न फक्त इंग्रजी ० ते ९ धरतो, आणि मग फॉर्ममध्ये कोणी मराठीत फोन नंबर टाकला की 'अवैध' असा मेसेज येतो, बिचाऱ्याने नंबर बरोबर टाकलेला असतो तरी! हा दोष लिपीचा नाही, फॉर्म लिहिणाऱ्याने विचार केला नाही त्याचा आहे, आणि मराठी साइटवर तरी असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

'फॉन्टमधले अंक' ही समजूत आपल्याकडे कुठून आली असेल तेही सांगते. युनिकोडच्या आधीच्या बऱ्याच मराठी फॉन्टांत खरंच तसंच होतं, आत इंग्रजीचा कोड आणि वर आकार मराठी १ चा, म्हणून फॉन्ट बदलला की तो लगेच इंग्रजी व्हायचा. युनिकोडमधल्या थाई अंकाचं तसं होत नाही, फॉन्टमध्ये तो आकार नसला तर फार तर चौकोन दिसेल, आतला कोड तोच राहतो.

तेव्हा 'थाई अंक' एवढंच म्हणा, पुरेसं आहे. आणि एक लक्षात ठेवा, युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या नोंदी एकसारख्या करणं) चालवलं म्हणून थाई अंकांचे इंग्रजी अंक होत नाहीत, ते आपल्यालाच करावं लागतं. थाई कोडातून ३६६४ वजा केले की अंकाची किंमत मिळते, मराठीसाठी २४०६ वजा करायचे.