निविदा भरण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. सरकारी काम लहान उद्योगाला कसं मिळतं, असं तू विचारलं आहेस. मी आधी दुसरंच विचारतो: काम मिळालं आणि बिल चार महिने अडकलं, तर पगार कशातून करशील? याचं उत्तर कागदावर आकड्यांत मांड. मगच निविदा उघड.

बहुतेक जण मालाची यादी आणि दरपत्रक एवढंच बघतात. तू आधी देयकाची अट वाच. पाठोपाठ दंड किती, सुरक्षा ठेव कधी सुटणार, माल तपासणार कोण, हे बघ. माझ्या पहिल्या पुरवठ्यात माल वेळेत पोचला. गोदामातल्या माणसाने मालासोबतच्या चलनावर, म्हणजे पोचेच्या कागदावर, सही केली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, ‘तपासणीच्या अधीन’. मी चलन घडी करून खिशात टाकलं. बिलाचे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजायचे, असं करारात स्पष्ट छापलेलं होतं. तपासणी झाली सात आठवड्यांनी, आणि तोवर कच्च्या मालाच्या कर्जाचं व्याज मी भरत होतो.

यावर कायद्याचा आधार असतो, फक्त तो वेळेवर माहीत हवा. भारतात 2006च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे स्वीकृतीपासून 45 दिवसांच्या पुढे ठेवता येत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. मालाबद्दल लेखी हरकत 15 दिवसांत आली नाही, तर माल पोचला तोच स्वीकृतीचा दिवस धरतात. युरोपीय संघात सरकारी खात्यांना साधारण 30 दिवसांची मुदत आहे. म्हणून पोच घेताना तारीख आणि शिक्का मागून घे. त्यात संकोच नको.

राखीव वाट्याचंही तू विचारलंस. तो आहे. भारतात केंद्रीय खात्यांच्या वार्षिक खरेदीतला किमान 25 टक्के वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी ठरवलेला आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं उद्दिष्ट 23 टक्के आहे. पण त्या भरवशावर बसून चालत नाही, कारण खरी अडचण पात्रतेपाशी येते. पूर्वीच्या कामाचा अनुभव मागतात आणि काम मिळाल्याशिवाय अनुभव येत नाही. मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखाली एक भाग उचल आणि काम संपताच दाखला घे. त्यावर कामाचं नाव, रक्कम आणि पूर्ण झाल्याची तारीख असलीच पाहिजे. ‘काम समाधानकारक’ एवढ्याच ओळीचा दाखला छाननीत टिकत नाही.

वर्षाची उलाढाल किमान अमुक इतकी हवी, ही अट अवास्तव वाटली तर गप्प राहू नकोस. युरोपीय संघाच्या 2014च्या नियमांत ही अट सहसा कंत्राटाच्या किमतीच्या दुपटीहून जास्त ठेवता येत नाही, म्हणजे तुझी तक्रार जगावेगळी नाही. निविदापूर्व बैठकीत ती लेखी मांड. पटली तर निविदेतला बदल सांगणारं शुद्धिपत्रक निघतं. शुद्धिपत्रकं शेवटच्या दिवसापर्यंत बघत राहा. जुन्या नमुन्यात दर भरलेली निविदा थेट बाद होऊ शकते.

दर शेवटी काढ. मागच्या मंजूर निविदांचे दर बऱ्याचदा खुले असतात, ते शोध. बँक हमीचं शुल्क, वाहतूक, तपासणीचा खर्च आणि अडकलेल्या पैशाचं व्याज धरूनही तुझा आकडा त्यांच्या जवळ जात नसेल, तर ती निविदा सोड. काम घेऊन माघार घेतलीस तर अनामत जप्त होते, काळ्या यादीत नाव जाऊ शकतं, आणि लहान उद्योगाला ते वर्षानुवर्षं नडतं. निविदा हरलीस तर कारण लेखी विचार. त्या उत्तरातून पुढच्या वेळी काय सुधारायचं ते कळतं.

तो चार महिन्यांचा हिशेब मांडून झाला की निविदेसोबत मला पाठव. दोन्ही शेजारी ठेवून आपण ओळीओळीने वाचू.

तुझा,
काका