पोरं मोठी झाली, मग मावशींना किती द्यायचे?

प्रश्न: ताई, आम्ही फोंड्याला राहतो. मिस्टर वेर्ण्याला कंपनीत, मी पणजीला ऑफिसात, शनिवारी पण. थोरला सहावीत, धाकटी तिसरीत. शाळा दीडला सुटते आणि मी घरी पोचते सहाला, बस चुकली की साडेसहा. तेवढ्या वेळेपुरती एक मावशी बघितलीय, ती ९ हजार मागते. सासूबाई म्हणतात पोरं काय कडेवर घ्यायची आहेत का, आपापली जेवतात, नुसतं बसायचे ९ हजार? मला पण ६ ठीक वाटतायत. किती द्यावे?

उत्तर: आधी हिशेब करू, सासूबाईंकडे नंतर येऊ. दीड ते सहा साडेचार तास, महिन्याचे २६ दिवस, झाले ११७ तास. शनिवारी शाळा लवकर सुटते ते तर धरलंच नाही. ९ हजार म्हणजे तासाला ७७ रुपये पडले, ६ हजार म्हणजे ५१. आता तुमच्याकडे भांडी-लादीला बाई येत असेल तर तिचा तास काढून बघा. समजा रोज तासभर येते आणि २ हजार घेते, तर तिचे पण ७७च होतात, म्हणजे भांड्याला ७७ आणि पोरांना ५१, हे काही बरोबर दिसत नाही ना.

आणि नुसतं बसायचं कुठे असतं हो. बसवरून उतरवून रस्ता क्रॉस करून आणायचं, युनिफॉर्म काढायला दहा वेळा सांगायचं, आमटी गरम करायची, धाकटीला टीव्ही पाहिजे नि थोरल्याला मोबाईल, त्यावरून मारामारी, मग होमवर्क. शिवाय दीड ते सहा म्हणजे तिची सगळी दुपार तुमच्याकडे अडकली, तेवढ्यात तिला दुसरं घर धरता येत नाही. सासूबाई स्वतः दुपारी सांभाळणार असतील तर प्रश्नच मिटला, पण पत्रात तसं काही दिसलं नाही 🙂

माझं म्हणाल तर ९ द्या, पण कामं आधीच ठरवून. "बसलीच आहेस तर पोळ्या टाक, कपडे पण घडी कर" असं हळूहळू सुरू होतं, त्याचे वेगळे द्यायचे.

खरी भांडणं होतात ती सुट्टीवरून. दिवाळी, नाताळ, मे महिना, आणि पावसात रेड अलर्ट आला की अचानक शाळा बंद, जुलै २०२४ ला झालं तसं. त्यात २०२५ पासून गोव्यात सहावी आणि त्यापुढच्यांची शाळा एप्रिलातच सुरू व्हायला लागली, त्यामुळे दोघांच्या शाळेचं कॅलेंडर समोर ठेवूनच बोला. सकाळी साडेआठपासून थांबायचं तर पाच तास जास्त, म्हणजे त्या दिवसाचे पावणेचारशे-चारशे वर. तुम्ही चवथीला गावी गेलात म्हणून पगार कापू नका, तिच्या घरी पण गणपती असतोच, ती पण तेव्हा रजा मागणारच. आणि बस चुकल्यावरचा अर्धा-अर्धा तास लिहून ठेवा, महिन्यात चार वेळा झालं तर दीडशे रुपये होतात तिचे.

एक छोटी गोष्ट, तिचं बँक खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना काढून द्या, वर्षाला २० रुपये, आणि अपघाती मृत्यूला २ लाखाचं कव्हर. ते २० तुम्हीच भरा, पगारातून नको.

९ खरंच झेपत नसतील तर तिचा तासाचा रेट पाडू नका, बिल्डिंगमध्ये विचारा. त्याच वेळेला शाळेतून येणारं एखादं पोर असतंच, दोन घरांनी मिळून एकच मावशी ठेवायची, दोघांनी ६-६ दिले तर तुमचे ६ राहतात आणि तिला १२ मिळतात. फक्त पोरं कोणाच्या घरी बसणार ते पहिल्याच दिवशी ठरवा.