माशी, यंत्र आणि एक अक्षर

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मित्राच्या घरी आम्ही काही जणांनी ‘ब्राझील’ हा १९८५ चा इंग्रजी चित्रपट पाहिला. तो विज्ञानकथा आहे असे ऐकले होते. परंतु त्यात ना अंतराळयान, ना परग्रह. नजर जाईल तिकडे पाइप, फायली आणि पावत्या. गेल्या वर्षी माझ्या कन्नडमध्ये छापलेल्या रेशनकार्डावर वडिलांचे ‘तुकाराम’ हे नाव ‘टुकाराम’ असे छापून आले आणि ते दुरुस्त करून घेण्यासाठी मी एका कचेरीत चार महिने हेलपाटे घातले. चित्रपट पाहताना मला भविष्यकाळ दिसलाच नाही, ती कचेरीच दिसत राहिली. मग याला विज्ञानकथा का म्हणावे?
— एक वाचक, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : आपल्याला जे दिसले तेच दिग्दर्शक टेरी गिलियम यांना दाखवायचे होते, असे मला वाटते. चित्रपटाचा सारा अनर्थ एका माशीपासून सुरू होतो. सरकारी कचेरीतला एक कर्मचारी माशी मारतो, ती छपाईच्या यंत्रात पडते आणि ‘टटल’ या आडनावाच्या जागी ‘बटल’ छापले जाते. पोलिसांना हवा असतो टटल. ते छत फोडून उतरतात ते बटल नावाच्या एका बापड्या संसारी माणसाच्या घरात, तेही नाताळच्या सणात, आणि त्याला पोत्यात घालून नेताना त्याच्या बायकोकडून रीतसर पावतीवर सही घेतात. चौकशीत बटल मरतो. त्यानंतर मंत्रालयात जी धावपळ उडते ती माणूस हकनाक गेला म्हणून नसते. चौकशीचा खर्च आरोपीकडून वसूल करण्याची तेथे पद्धत असल्याने तो चुकीच्या खात्यावर पडला, ही खरी अडचण असते. नायक सॅम लाउरी परताव्याचा धनादेश घेऊन त्या विधवेकडे जातो, तेव्हा ती नवऱ्याचा मृतदेह कुठे आहे एवढेच विचारते, आणि त्याच्याजवळ उत्तर नसते.

एखादी गोष्ट मानून चालायचे आणि ती शेवटपर्यंत ताणून पाहायची, ही विज्ञानकथेची जुनी रीत आहे. येथे मानलेली गोष्ट अशी, की कागद आणि माणूस यांचा मेळ बसला नाही तर खोटा ठरतो तो माणूस. या राज्यात हुकूमशहाचा चेहरा कोठेही दिसत नाही. प्रत्येक जण आपापल्या टेबलापुरते काम चोख करतो आणि त्या चोखपणातून माणसे मरतात. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप होतो तो टटल तरी कोण? घरोघरी जाऊन, अर्ज न भरता, घर उबदार ठेवणारी यंत्रणा दुरुस्त करून देणारा कारागीर. आपल्याकडे असा माणूस प्रत्येक गल्लीत असतो आणि लोक त्याला दुवा देतात.

आपल्या ‘टुकाराम’विषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कन्नडमध्ये त आणि ट ही दोन्ही अक्षरे मराठीइतकीच स्वच्छ वेगळी आहेत. मराठीतले नाव आधी इंग्रजीत जाते, तेथे दोहोंना एकच अक्षर मिळते, आणि तेथून ते कन्नडमध्ये उतरताना बहुधा घोटाळा होतो. म्हणजे आपली माशी बहुतेक मधल्या लिपीत पडली असावी. आणखी एक फरक आहे, तो लहान नाही : आपल्याला चार महिन्यांनी का होईना दुरुस्ती मिळाली. बटलच्या बायकोला ‘चूक झाली’ हे ऐकून घेणारी खिडकीच नव्हती.

प्रश्न : भाषेवर सरकारी ताबा हा विषय आम्हा सीमाभागातल्या लोकांना जवळचा वाटतो. यावर या प्रकारचे कोणते चित्रपट पाहावेत?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : पहिले नाव फ्रेंच दिग्दर्शक गोदार यांच्या ‘आल्फाव्हिल’चे (१९६५) घेईन. भविष्यातले शहर म्हणून त्यांनी त्या काळचे पॅरिसच, बहुतेक रात्रीचे, चित्रित केले. खास सेट उभारले नाहीत. तेथे एक संगणक राज्य करतो आणि खोलीत ठेवलेला धर्मग्रंथ हा प्रत्यक्षात शब्दकोश असतो, ज्यातून भावना व्यक्त करणारे शब्द एकेक करून काढून टाकले जातात. शब्द गेला की ती भावना व्यक्तच करता येत नाही. दुसरे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’मध्ये (१९६६) वाचन गुन्हा असल्यामुळे सुरुवातीची श्रेयनामावली पडद्यावर लिहिलेली नाही, ती वाचून ऐकवली जाते, ही कल्पना मला पुढच्या साऱ्या कथेहून अधिक बोचते. मात्र सीमाभागातला वाद कोणती भाषा कोठे लिहावी याचा आहे, तर या चित्रपटांतली सत्ता कोणत्याच भाषेला पुरती जगू देत नाही. हा भेद ध्यानात ठेवून पाहावेत.

प्रश्न : ‘ब्राझील’चा शेवट सुखान्त आहे असे एक नातेवाईक सांगतात. मी पाहिलेला तसा नव्हता.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : दोघेही बरोबर असू शकता. युरोपात १४२ मिनिटांची प्रत दाखवली गेली. अमेरिकेतील स्टुडिओला शेवट गोड हवा होता. गिलियम यांनी नकार दिला आणि चित्रपट कधी प्रदर्शित करणार, असे स्टुडिओप्रमुखाला विचारणारी पानभर जाहिरात एका चित्रपटविषयक नियतकालिकात दिली. त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी या अडकून पडलेल्या चित्रपटालाच वर्षातील सर्वोत्तम ठरवले, आणि अखेर १३२ मिनिटांची प्रत तेथे प्रदर्शित झाली. स्टुडिओची ९४ मिनिटांची सुखान्त प्रत पुढे दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. आपल्या नातेवाइकांनी पाहिलेला चित्रपट दीड तासाच्या आसपास संपला असेल, तर त्यांना तो पुन्हा पाहावा लागेल.